मी सोडलेली जागा

आमच्या ग्रुपवर एक नियम होता, की कुणाकडे पुरावा मागायचा नाही. ज्या शहाण्याने तो नियम केला त्याला एकदा समोर बसवून चार शब्द सुनावायची माझी फार इच्छा आहे. त्याने काही फरक पडणार नाही म्हणा. चूक त्याची नाही, माझी आहे, पण राग काढायला कुणीतरी लागतंच ना.

ग्रुप फोनवरचा. आर्किटेक्चरला जायचं म्हणून जीव टाकणारी आम्ही तीनेकशे पोरं-पोरी, गावोगावची, कुणाला कुणाचं खरं नाव माहीत नाही. मी 'ढाण्या' असं नाव घेतलं होतं. एक 'सम्राट' होता, एक 'मुंगी' होती, एकाने 'डोकेदुखी' घेतलं होतं आणि तो नावाला जागत होता. निकाल लागला की चोवीस तासांत प्रत्येकाने आपली कुंडली मांडायची. शाळेचे मार्क, चित्रपरीक्षेचे मार्क, फाइलमध्ये किती चित्रं, मुलाखतीत काय विचारलं, शाळेबाहेर काय उद्योग केले, आणि सगळ्यात खाली, कुठे मिळालं आणि कुठे नाही. आदल्या तीन वर्षांच्या कुंडल्याही तिथे होत्या. त्या वाचून नवी पोरं आपापला अंदाज बांधायची.

अंदाज बांधण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. तीन वर्षांच्या कुंडल्या मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. कुणी विचारलं, 'ढाण्या, माझं काय होईल?', की पाच मिनिटांत सांगायचे. तुझं नदीकाठच्या कॉलेजात होईल, टेकडीवरच्या कॉलेजचा फॉर्म भरून कागद वाया घालवू नकोस. असं तोंडावर. आणि ते खरं व्हायचं. माझ्या स्वतःच्या कुंडलीबद्दल तर कुणाला शंकाच नव्हती. 'तुझी टेकडी पक्की,' असं सगळे म्हणायचे, आणि मी 'बघू' म्हणायचे. ते 'बघू' मी किती नम्रपणाचा आव आणून म्हणायचे ते आठवलं की आता माझी मलाच चीड येते.

टेकडीवरच्या कॉलेजात साठ जागा. निकाल गुरुवारी दुपारी लागला. मी बाबांच्या चष्म्याच्या दुकानात गल्ल्यामागे बसले होते. बाबा आतल्या खोलीत मशीनवर काच घासत होते, आणि ते मशीन चालू असलं की त्यांना बाहेर आग लागली तरी कळत नाही. समोर एक आजोबा फ्रेम नाकावर चढवून आरशात बघत होते.

"ह्यात मी मास्तर दिसतो का गं?" त्यांनी विचारलं.

मी फोन उघडला. प्रतीक्षा यादी, क्रमांक अकरा.

"दिसता," मी म्हटलं.

"मला मास्तर नाही दिसायचं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी नववी फ्रेम उचलली.

फोन नुसता थरथरत होता. ढाण्या, झालं का? ढाण्या, बोल की. ढाण्या, पार्टी कधी? मग डोकेदुखीने लिहिलं, 'ढाण्या गप्प आहे, म्हणजे शिकार हुकली वाटतं.' माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसाला मीच सांगितलं होतं की तुझं यंदा कुठेच होणार नाही, आणि त्याचं खरोखर कुठेच झालं नव्हतं, आणि तो बसून मला हसत होता! मी टाइप केलं, 'मिळाली. टेकडीवरची आणि स्टेशनमागची, दोन्ही.'

स्टेशनमागच्या कॉलेजात मला खरंच मिळाली होती. टेकडीचं म्हणाल, तर माझ्या वहीप्रमाणे आदल्या वर्षी प्रतीक्षा यादी एकोणीसपर्यंत गेली होती आणि त्याच्या आदल्या वर्षी सोळापर्यंत. म्हणजे अकरा नंबर मिळाल्यातच जमा. मी खोटं बोलले नव्हते, फक्त चार दिवस आधी बोलले होते. असं मी माझ्या मनाला सांगितलं, आणि मला ते पटलंसुद्धा. स्वतःला पटवायला कितीसा वेळ लागतो?

घरी मात्र खरं सांगितलं. आई हॉस्पिटलातून आली, नर्सची साडी न बदलताच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अकरा म्हणजे चांगला नंबर की वाईट?"

"मधला."

"मधला म्हणजे?"

"आई, मधला म्हणजे मधला! आता मी काय नकाशा काढून दाखवू?"

त्यात आत्याचा फोन. आत्याला कुणाच्या घरी काय चाललंय ते त्या घरातल्यांच्या आधी कळतं. "अगं, आमच्या शेजारच्या मुलीला पहिल्या यादीत मिळालं," ती म्हणाली. "आणि ती तर दिवसभर झोपलेली असायची." मी फोन बाबांकडे दिला. बाबा दहा मिनिटं 'हो गं', 'खरं आहे गं' करत राहिले. माझे बाबा असेच आहेत, त्यांना कुणाला तोडून बोलता येत नाही.

त्याच संध्याकाळी मुंगीचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, फक्त मला.

मुंगी ही ग्रुपवरची सगळ्यात गरीब गाय. प्रत्येक प्रश्नाआधी 'एक विचारू का?' असं विचारायची आणि कुणी 'विचार' म्हटल्याशिवाय पुढे लिहायची नाही. मार्क चांगले होते तिचे. चित्रपरीक्षेत माझ्याहून फक्त दोन कमी. टेकडीचा फॉर्म भर असं तिला मीच सांगितलं होतं.

'ढाण्याताई, अभिनंदन. एक विचारू का? तुला दोन जागा मिळाल्यात, तर टेकडीवरची सोडणार असशील तर मला आधी सांगशील का? माझा प्रतीक्षा यादीत बारावा नंबर आहे.'

म्हणजे बरोब्बर माझ्या मागे. मी 'ठरलं की सांगते' असं लिहिलं. मग तिने तिची सगळी अडचण सांगितली. तिला तिच्या घराजवळच्या कॉलेजात जागा मिळाली होती, पण त्यांना बुधवारी पाच वाजेपर्यंत शाळेचा मूळ दाखला हवा होता. मूळ दाखला प्रत्येकाकडे एकच असतो. तो एका कॉलेजात जमा केला की बाकीच्या सगळ्या याद्यांतून नाव उडतं. टेकडीची यादी बुधवारच्या पुढे चालणार होती. जवळच्या ठिकाणी दाखला दिला तर टेकडी गेली, आणि टेकडीची वाट बघत बसली तर जवळचं गेलं. 'आणि दोन्ही गेलं ना ताई, तर बाबा म्हणालेत, यंदा नाही तर मग नाही, मामाच्या छापखान्यात बस. ते बोलले की बोलले.'

मी 'काळजी करू नकोस' असं लिहिलं. दुसऱ्याला हे लिहायला काय जातं?

शुक्रवार, शनिवार, रविवार मी कॉलेजची साइट उघडून बसले. जेवताना, दात घासताना, गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवताना. सोमवारी यादी आठवर आली आणि तिथेच अडकली. खाली एक सूचना आली, की यापुढे सुटलेल्या जागा शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कॉलेजातच भरल्या जातील, यादीतल्या मुलांनी मूळ दाखला आणि पालक घेऊन स्वतः यावं. किती जागा सुटल्यात ते आधी सांगणार नाही. का नाही सांगणार? सांगितलं तर काय टेकडी खचणार होती? पण नाही.

मला तीन हव्या होत्या. नऊ, दहा, अकरा. आणि ग्रुपवर चार-पाच जण असे होते की दोन-दोन, तीन-तीन जागा अडवून बसले होते. सगळ्यात वरचढ सम्राट. त्याला टेकडी धरून तीन कॉलेजांत मिळाली होती आणि तो रोज सकाळी 'अजून ठरत नाहीये यार' असं लिहून दात काढणारा चेहरा टाकायचा. मंगळवारी त्याने ते पाचव्यांदा लिहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर लिहिलं, 'एका माणसाला बसायला एक खुर्ची लागते. तीन-तीन खुर्च्यांवर पाय पसरून बसलेल्यांना लाज वाटत नाही का? मागे पोरं उभी आहेत. ज्यांना जायचं नाही त्यांनी आजच्या आज जागा सोडा.'

काय उड्या पडल्या त्यावर! शाब्बास ढाण्या, खरं बोललीस, वाघीण आहेस. मी फुगून बसले होते. आणि मग डोकेदुखी उगवला. 'ताईसाहेब, तुमच्याकडे पण दोन खुर्च्या आहेत ना? आधी आपण उठा.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तीनशे माणसं बघत होती. कुणीतरी 'हो, खरंच की' असं लिहिलं, दुसऱ्याने त्याच्याखाली तेच लिहिलं. मी काय करायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मी लिहिलं, 'ठीक आहे. मी टेकडीवरची सोडते. आत्ता. आता तुम्ही सोडा.'

नसलेली जागा मी सोडून दिली. माझं काय जात होतं? माझ्या डोक्यात हिशोब साधा होता, की मी लाजवलं तर बाकीचे लाजतील. आणि ते लाजले! अर्ध्या तासात एकीने लिहिलं, 'मीसुद्धा सोडली, कॉलेजात सही करून आले.' मग एकाने. संध्याकाळपर्यंत तिघांनी टेकडीवरची सोडली. तीन! नऊ, दहा, अकरा. मी दुकानात एकटीच होते, मी उठून डोळे तपासायच्या तक्त्यासमोर दोन उड्या मारल्या. ग्रुपवर लोक माझं कौतुक करत होते आणि खोटं का सांगू, मला ते कौतुक खरं वाटत होतं.

मग मुंगीचा मेसेज आला.

'ताई, मी मोजलं. आठ झालेत. तुझी एक आणि त्या तिघांच्या तीन. नऊ, दहा, अकरा, बारा. ताई, मला मिळतेय! मी इतकी रडले की आईला वाटलं कुणी गेलं. तुझे उपकार कसे फेडू?'

तिचं गणित बरोबर होतं. चुकत होती ती फक्त माझी जागा. ती चौथी जागा कुठेच नव्हती, आणि ती धरूनच मुंगीचा नंबर लागत होता.

मी फोन गल्ल्यावर पालथा ठेवला. रात्रभरात काहीतरी होईल असं वाटलं. सम्राट लाजेल. तो जाड कातडीचा आहे, पण लाजेल. त्याने टेकडीवरची सोडली की माझी खोटी जागा खरी होऊन जाईल, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही.

बुधवारी दुपारी दुकानात एक बाई चष्मा घेऊन आल्या होत्या. काडीचा स्क्रू पडला होता. तो स्क्रू इतका बारीक असतो की चिमट्यातून निसटला तर अख्खं दुकान झाडावं लागतं. मी काडी बिजागरीत बसवली, स्क्रू भोकावर टेकवला, आणि फोन वाजला. सव्वाचार झाले होते.

'ताई, मी जवळच्या कॉलेजच्या ऑफिसात बसलेय. दाखला हातात आहे. आई म्हणते एकदा परत विचार. तू टेकडीवरची नक्की सोडलीस ना? फक्त हो म्हण, मग मी घरी जाते.'

"होतंय का गं?" त्या बाई म्हणाल्या. "मला बस गाठायचीय."

"होतंय, होतंय," मी म्हटलं. चष्मा खाली ठेवला आणि फोन घेतला. मी लिहिलं, 'मुंगी, दाखला देऊन टाक. माझ्याकडे टेकडीवरची जागा कधी नव्हतीच. मी अकरावी आहे.' हे मी खरंच लिहिलं होतं, अक्षर न् अक्षर. पाठवायचं तेवढं राहिलं होतं. मग डोळ्यासमोर डोकेदुखी आला. मुंगी कुणालातरी सांगणार, तो ग्रुपवर टाकणार, आणि माझी तीन वर्षांची वही, माझं तोंडावर खरं बोलणं, सगळं हसण्यावारी जाणार. आणि यादी एकोणीसपर्यंत जातेच ना? गेल्या वर्षी गेली होती. शुक्रवारी कुणीतरी एक येणारच नाही, बस चुकेल, आजारी पडेल, काहीतरी. एवढा काय मोठा प्रश्न आहे.

मी लिहिलेलं पुसलं आणि 'हो' लिहिलं.

'मग निघते मी इथून,' असं तिचं लगेच आलं. 'तुझं खूप भलं होवो ताई.'

बाबा आतून आले, त्यांनी समोर पडलेला चष्मा उचलला, स्क्रू बसवला आणि त्या बाईंना दिला. "डोकं दुखतंय का गं तुझं?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्यावर खेकसले. का, तर त्यांनी विचारलं म्हणून.

गुरुवारी सम्राटने लिहिलं, 'ठरलं यार. टेकडीवरच जातोय. बाकीच्या दोन सोडल्या.' खाली दात काढणारा चेहरा. त्या चेहऱ्याचे दात पाडावेत असं मला वाटलं. पण तो बिचारा त्याला मिळालेल्या जागेवर जात होता, त्यात त्याचं काय चुकलं? दिवसभर मी फोनला हात लावला नाही. मुंगीचे बुधवारचे पाच कधीच वाजून गेले होते. आता सांगून काय उपयोग, असं मी म्हणत राहिले. बुधवारी सांगायला लाज वाटत होती आणि गुरुवारी उपयोग नव्हता.

शुक्रवारी बाबांनी दुकान बंद ठेवलं. असं त्यांनी माझ्या आठवणीत दोनदाच केलंय. आम्ही साडेदहाला टेकडीवर पोचलो. मोठा हॉल, उंच खिडक्या, भिंतीवर विद्यार्थ्यांनी काढलेले इमारतींचे नकाशे. पालकांनी मागे भिंतीला लागून थांबायचं. मुलांनी पुढे बसायचं, आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीला खडूने नंबर लिहिला होता.

आता हे आधी कसं लक्षात येणार? अकराच्या शेजारी बारा.

ती आधीच येऊन बसली होती. लहानखुरी, दोन वेण्या, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला. मला बघून सरकून बसली. जागा भरपूर होती, तरी सरकली.

"तुझा अकरा का?" ती म्हणाली. "मग आपल्या दोघींचं होतंय बघ. चार जागा आहेत."

"तुला कसं माहीत?"

"आमचा एक ग्रुप आहे ना. तू आहेस त्यात?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं आहे, नाहीस ते. डोकं उठतं नुसतं. पण एक ताई आहे तिथे. तिने तिची जागा सोडली म्हणून मी आज इथे. नाहीतर मी कुठली? आम्ही पहाटे चारच्या गाडीने निघालो. आई म्हणत होती, ओळख ना पाळख, कशाला विश्वास ठेवतेस? मी म्हटलं, आई, ती तसली नाही. ती एखाद्याला वाईट वाटेल तेही स्पष्ट सांगते, मग हे खोटं कशाला सांगेल?"

मागे वळून तिने आईला हात केला. भिंतीशी एक बारीक बाई पिशवी पोटाशी धरून उभी होती. तिच्या शेजारी माझे बाबा. बाबा तिला काहीतरी विचारत होते आणि ती मान डोलावत होती. जमली पण ह्यांची गट्टी!

दहा नंबरची खुर्ची रिकामी होती. अकरा वाजायला पाच मिनिटं कमी, तरी रिकामी. मी त्या खुर्चीकडे असं बघत बसले की तिला पाय फुटून ती निघून जावी. येऊ नकोस. जो कुणी असशील तो, आज नको येऊस. दोन मिनिटं कमी. मुंगी तिचा दाखला पिशवीतून काढून परत आत ठेवत होती. आणि दाराशी धाडधाड पावलं वाजली आणि घामाघूम झालेला एक मुलगा 'सॉरी, सॉरी' म्हणत दहावर येऊन आदळला. मी आयुष्यात कुणाचा एवढा राग केला नसेल.

कारकूनबाई टेबलामागे येऊन बसल्या. त्यांनी एक कागद उचलला. "शांत राहा. ह्या फेरीत तीन जागा आहेत. नऊ, दहा आणि अकरा ह्यांनी दाखला घेऊन टेबलाशी या. बाकीच्यांनी थांबून उपयोग नाही."

मुंगी आधी हसली. कुणीतरी पत्ता चुकीचा सांगितला की आपण हसतो तशी. मी उठले तशी तीही उठली आणि माझ्याबरोबर टेबलाशी आली. नऊचं आणि दहाचं होईपर्यंत ती माझ्या शेजारी उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू का?"

"विचार."

"जागा चार आहेत. एका मुलीने मंगळवारी सोडलीय."

"नाव सांग तिचं."

"ढाण्या."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"खरं नाव, बाळ."

"ते माहीत नाही."

कारकूनबाईंनी चष्मा वर सरकवला. वाईट नव्हत्या त्या. त्यांनी तीन कागद तिच्यासमोर ठेवले. "हे बघ. जो जागा सोडतो तो इथे येऊन सही करतो. ह्या तीन सह्या. चौथी नाही."

"मग सही राहिली असेल तिची. ती खोटं बोलणार नाही मॅडम. बुधवारी मी तिला परत विचारलं होतं, ती हो म्हणाली. त्या एका शब्दावर मी तिकडची जागा सोडलीय."

पालकांची सही लागेल म्हणून बाबा पुढे आले होते. त्यांनी ते ऐकलं आणि मध्ये पडले. "अहो मॅडम, एकदा परत बघा ना," ते म्हणाले. "एवढ्या लांबून आलीय पोरगी. उगाच कशाला म्हणेल?"

माझे बाबा. तिच्यासाठी भांडत होते.

"मी ढाण्या," मी म्हटलं.

मुंगीला ते कळलंच नाही पहिल्यांदा. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा चक्क उजळला. "ताई? तू? मग सांग ना ह्यांना!"

"माझ्याकडे जागा नव्हतीच. मी पहिल्यापासून अकरावीच आहे."

तिने ओरडावं, माझ्या कानाखाली द्यावी, असं मला इतकं वाटत होतं, की तिने काहीतरी केलं असतं तर मी तिचे पाय धरले असते. तिने आवाजसुद्धा चढवला नाही.

"बुधवारी मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"दाखला माझ्या हातात होता तेव्हा. मी तुला लिहिलं होतं, की हातात आहे."

"हो."

"मग?"

मी माझ्या दाखल्याचा कोपरा सरळ करायला लागले. मी तीन वर्षांच्या कुंडल्या वाचल्या होत्या, कुणाचं काय होणार ते पाच मिनिटांत सांगायचे. बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि मग ते खाली टेबलाकडे बघायला लागले.

"हे तुमचं तुम्ही बघा," कारकूनबाई म्हणाल्या. "मला एवढंच सांग बाळ, तू जागा घेतेस की सोडतेस? सोडायची असेल तर आत्ता सही कर. बारा नंबर समोर उभीच आहे."

स्टेशनमागचं कॉलेज माझ्यासाठी शनिवारपर्यंत थांबणार होतं. वाईट कॉलेज नाही ते. दाखला माझ्या हातात होता. मुंगी काही मागत नव्हती. ती माझ्याकडे बघतही नव्हती, तिच्या दाखल्याच्या पिशवीची घडी करत होती. मंगळवारी तीनशे लोकांसमोर जागा सोडताना मला एक क्षणही लागला नव्हता. आता जीभ उचलत नव्हती. मला हे कॉलेज हवं होतं. चौदाव्या वर्षापासून हवं होतं. लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि हवं होतं.

"घेते," मी म्हटलं.

त्यांनी माझा दाखला घेतला, टाचणी लावली आणि फॉर्म पुढे सरकवला. मग मान वर करून मोठ्याने म्हणाल्या, "पालक कोण आहेत? इथे सही करा."

मागून भिंतीपासची ती बारीक बाई लगबगीने पुढे आली. पिशवी दंडाला अडकवून, हात पदराला पुसत. चेहऱ्यावर असं हसू, की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"आले, आले," ती म्हणाली. "कुठे करू सही?"

बाबांच्या हातात पेन होतं. मुंगीने आईचा हात धरला आणि तिला टेबलापासून मागे घेतलं.

"आपली नाही आई," ती म्हणाली. "ह्यांची आहे."